रिकाम्या गाळ्यातली हाक

“अगो बाय, माझीच चप्पल माझ्या मागून चालते,” रंगूबाई म्हणाली आणि जेवणाचा डबा हातात धरून शटरच्या आत थबकली.

तिचा नवरा दामू स्टुलावरून उठला. ट्रक चालवणं सुटल्यापासून तो कशेळीच्या या गोडाऊनच्या गाळ्यावर दिवसपाळीचा वॉचमन होता, पण गाळा असा मोकळा त्यानेही कधी पाहिला नव्हता. जुनी पार्टी काल रॅकसकट सगळं उचलून गेली होती. नव्या पार्टीचा माल थोड्या वेळात यायचा होता. सकाळी दामू खोकला तेव्हा पलीकडच्या टोकाला कोणी खोकल्यासारखं वाटलं, म्हणून तो उगाच जाऊन बघूनही आला होता.

“रिकामा हाय ना. माल भरला का घुमायचं बंद व्हतं,” तो म्हणाला.

“तुमच्या गोल घुमटावानीच की.” रंगूबाई खुलली.

दामूने तिच्या हातून डबा घेतला आणि झाकणाशी खटपट करू लागला. झाकण काही घट्ट नव्हतं.

गोल घुमटाची ती गोष्ट टेमघरला त्यांच्या आळीत सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला दामू भिवंडीचं कापड घेऊन विजापूरला गेला होता. परत आल्यावर नव्या नवरीला म्हणाला, घुमटात वर चढलो, भिंतीला तोंड लावलं आणि तुझं नाव घेतलं. सात वेळा परत आलं. घरात आईवडिलांच्या देखत जो माणूस ‘अगो’च्या पुढे जात नव्हता, त्याने परमुलखात, बादशहाच्या घुमटाखाली आपलं नाव घेतलं, याचं रंगूबाईला केवढं अप्रूप. आळीत कोणाचा नवरा साडी आणो, कोणाचा पैंजण आणो, रंगूबाईचा घुमट सगळ्यांच्या वरताण होता.

आणि दामू घुमटात कधी गेलाच नव्हता. त्याने तो पाहिला होता ट्रकच्या काचेतून, लांबून. अख्खा हिंदुस्थान पालथा घातला, पण ट्रकवाल्याला गाव म्हणजे गोडाऊनचं गेट, वजनकाट्यावरची रांग आणि ढाब्याची खाट. पुढे नो एंट्री. घुमटाची करामत त्याला शेजारी गाडी लावलेल्या कानडी ड्रायव्हरने चहा पिता पिता सांगितली आणि दामूने तिच्यात बायकोचं नाव घातलं. थापा मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ही एकच मारली आणि ती जन्माला पुरली.

आता मात्र लेकीने, रंजिताने, दोघांची विजापूरची सहल ठरवली होती. रविवारी निघायचं. रंगूबाई त्यासाठी अकलोलीच्या गरम कुंडात गुडघे शेकून आली होती. दामूची झोप उडाली होती. वर जायचा जिना कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तसं म्हटलं तर तेही निभावून नेता आलं असतं. पण तिथे उभी राहून ती विचारणार, ‘हितंच ना?’ आणि आपण पुन्हा ‘हो’ म्हणायचं, हे त्याला सोसवेना.

“रंजी मोबाईलवर वाचत व्हती,” रंगूबाई सांगत होती, “बादशा न् त्याच्या बायका तिथं शेजारी शेजारी निजल्यात म्हने. मेल्यावर का होईना, एका जागी.” मग वर पत्र्याकडे बघत म्हणाली, “तुमी तवा हळूच बोललात का जोरात?”

“मी आत गेलोच न्हाय.”

त्यातलं ‘न्हाय’ तेवढं पत्र्याला लागून परत आलं.

रंगूबाईला आधी ती थट्टा वाटली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि स्टुलावर बसली. “मंग ती हाक?”

“एक ड्रायव्हर सांगत व्हता. मी आपलं तुजं नाव लावलं. तू हसलीस तवा. मंग खरं सांगाया जीभ न्हाय वळली.”

“मी शेजारच्या कमळला सांगितलंय. रंजीच्या पोरीला पाळन्यात सांगितलंय.” तिचा आवाज चढला नाही. “तुमी कुटं कानपूर, कुटं राजस्थानात पाली. पोर तापानं फणफणलेली, घरात मी एकटी. तवा मनात म्हनायची, त्या मानसानं येवढ्या लांब जाऊन माझं नाव घेतलंय, मला काय व्हनार न्हाय.”

दामूला वाईट वाटलं. आपली थाप तिने एवढी कामाला लावली असेल, याची त्याला कल्पना नव्हती. तो उघड्या डब्यातल्या भाकरीकडे बघत राहिला.

“आता घ्या,” रंगूबाई म्हणाली.

“काय?”

“नाव. गाळा मोकळा हाय तवर.”

दामूने बाहेर पाहिलं. हमाल चहाच्या टपरीवर होते. त्याने दोनदा घसा खाकरला. “रंगू,” तो म्हणाला, आणि गाळ्याने ते नाव उचलून पलीकडच्या भिंतीला लावलं.

ती कान देऊन ऐकत राहिली. “दोनदाच आलं.”

“पत्रा हाय. बादशाचा घुमट थोडाच.”

“रविवारी बघू. जिना कुटं हाय ते इचारू कोनाला तरी.”

ती उठली, गुडघ्यावर हात टेकत गाळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. दामूला वाटलं, पत्र्याखाली बसलेले पारवे बघते आहे. लग्नातल्या उखाण्यात ‘दामोदरराव’ म्हणाली होती, तेवढंच. एरवी तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आई गेली तेव्हापासून त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलंही नव्हतं. रस्त्यावर तो चाचा होता, इथे वॉचमन काका.

“दामू,” तिने हाक मारली.

हाक वर गेली, पत्र्यावरून फिरली, त्याच्या मागून आली आणि पुन्हा पुढे गेली. दोन आल्या की तीन, त्याने मोजल्या नाहीत. बाहेर नव्या पार्टीचा ट्रक गेटला लागला होता, हॉर्न देत होता. दामू गेटची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.