आंब्याच्या चवीचा घोट

बिडकीनजवळच्या वस्तीवरल्या कडूबाच्या फुप्फुसात गाठ निघाली, तीही अन्ननलिकेला खेटून. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉ. अभय म्हणाले, "किरणं गाठीवर पडायला हवीत, नळीवर नाही. नळी भाजली तर भाकरी उतरायची नाही."

मेंढरं राखून म्हातारा झालेल्या, पण अजून ठेच्याबरोबर दोन भाकरी मोडणाऱ्या कडूबाच्या जिवाला गाठीपेक्षा हेच लागलं.

नळी स्कॅनमध्ये धड दिसत नव्हती. त्यावर एक पांढरं औषध होतं. टेबलावर निजून, स्कॅनच्या अगदी आधी त्याचा घोट गिळला की नळी उजळून दिसते. हातांनी डोक्यामागचा दांडा धरलेला, म्हणून तंत्रज्ञ करुणा चमच्यानं तोंडात घालायची.

कडूबा मात्र गिळायचा नाही. घोट गालात धरायचा आणि बाहेर येऊन उपरण्यात सोडायचा. त्याच्या वस्तीवर निजलेल्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालतात ते एकदाच, शेवटचं. असलं अभद्र दवाखान्यात, बायकोच्या देखत, बोलायचं कसं?

नळी दिसेना, उपचार सुरू होईनात. डॉ. अभय यांनी बैठक घेतली. औषध पातळ असावं, असं एकाचं मत पडलं. दुसऱ्याला पेशंटची नळीच जगावेगळी वाटली. तिच्यावर निबंध लिहायचंही ठरलं. सरतेशेवटी दोष चवीवर आला आणि औषधात आंब्याचा अर्क पडला.

घरी बानाबाईनं उपरणं हुंगलं. "अवो, आखाडात आंबा कुठला खाल्ला?"

कडूबानं उपरणं ओढून घेतलं. त्यावरचे पांढरे डाग बघून तिनं ओळखलं, औषध पोटात गेलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला तिनं करुणाला बाजूला घेतलं. "पोरी, ह्ये गिळीतच नायत. निजल्या माणसाला असं चमच्यानं कधी पाजत्यात, ठावं हाय का तुला? दारातनं बघून माझंबी काळीज हालतं."

करुणानं चमचा ठेवून दिला. कँटीनमधून वाकणारी स्ट्रॉ आणून तिनं औषधाच्या पेल्यात घातली आणि टेबलावर निजलेल्या कडूबाच्या ओठांशी धरली. "बाबा, मी पाजत नाही. तुम्हीच ओढा."

कडूबा विचारात पडला. नवं कोकरू जन्मलं की तो आधी एकच गोष्ट बघायचा, आपल्या आपण आईला लुचतंय का. लुचतं ते जगतं.

"आण हिकडं," तो म्हणाला.

घोट उतरला आणि पडद्यावर गाठीशेजारी पांढरी रेघ उमटली. ती टाळून किरणांची आखणी झाली आणि उपचार सुरू झाले.

डॉ. अभय यांनी परिषदेत शोध मांडला, की आंब्याच्या चवीनं अन्ननलिका अधिक स्पष्ट दिसते. टाळ्या पडल्या. परत आल्यावर त्यांनी कडूबाला विचारलं, "काय बाबा, चव आवडली ना?"

"लई वंगाळ हाय, सायेब. नाक दाबून घ्यावं म्हणलं तर हात दांड्याला."

'रुग्ण समाधानी', डॉक्टरांनी टिपून घेतलं.

बाहेर बाकड्यावर बानाबाईनं फडकं सोडलं. कडूबानं भाकरीचा कोर मोडला, ठेचा लावला आणि गिळला. ती त्याच्या गळ्याकडं बघत होती.

"उतरला?"

"उतरला की. दुसरा मोडू दे."