सूचकाची सही

माझ्या मैत्रिणीला सगळं कॉलेज भोंगा म्हणायचं. तिचा आवाजच तसा. हजेरीत माझा नंबर एक्केचाळीस, तिचा बेचाळीस. मी तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हटलं की ती मागून ओरडायची, "सर, एक्केचाळीस आहे, जिवंत आहे." तीन वर्षं माझा आवाज तीच होती.

त्यामुळे ती विद्यार्थी संघाच्या सचिवपदाला उभी राहिली, तेव्हा अर्जावर सूचक म्हणून मीच सही केली आणि खाली माझी नेहमीची लांब रेघ ओढली. "सही आहे की रेल्वेचा रूळ?" ती म्हणाली. तिच्या जाहीरनाम्यातली पहिलीच मागणी होती, कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करा. ती कुणासाठी लिहिली होती, हे मला विचारायची गरज नव्हती. माझे बाबा आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं कंत्राटावर परीक्षानळ्या धूत होते. दरवर्षी मुदत वाढवल्याचं पत्र यायचं, तेव्हा कुठे आमच्या घरात पुढचं वर्ष सुरू व्हायचं.

अर्जांच्या छाननीच्या आदल्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "प्राचार्य भेटले होते. तुझी चौकशी करत होते."

"कशाबद्दल?"

"म्हणाले, त्या अर्जावरची सही मुलीचीच आहे का, एकदा विचारून बघा. बाकी काही नाही." मग पाण्याचा पेला फिरवत म्हणाले, "या वर्षीचं पत्र अजून आलेलं नाही."

"मग मी काय करू, बाबा?"

"मी कुठे काय सांगतोय," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला त्यांचा भयंकर राग आला. सरळ सांगितलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

छाननीला निवडणूक अधिकारी म्हणून आमचे भूगोलाचे सर बसले होते. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "सूचकाच्या सहीवर हरकत आली आहे. ही सही तुझी आहे?"

रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

"नाही, सर."

भोंगा हसली. मी गंमत करतेय असंच तिला वाटलं. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि नंतर दाराकडे. तिथे बाबा प्रयोगशाळेच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते.

"मग कुणी केली?" सरांनी विचारलं.

वाटलं, आता ती भांडेल, माझ्या वह्या काढून पन्नास सह्या सरांच्या तोंडावर मारेल. वाटलं कसलं, मी मनातल्या मनात हात जोडून तेच मागत होते.

"मीच केली, सर," ती म्हणाली. इतक्या हळू, की सरांना पुन्हा विचारावं लागलं.

अर्ज बाद झाला. खोटी सही केल्याबद्दल तिच्या घरी पत्र गेलं. त्याच आठवड्यात बाबांचंही पत्र आलं, ते त्यांनी कुणाला न दाखवता कपाटात ठेवलं. भोंगा वर्गात येत राहिली. आता हजेरीला तीही तोंडातल्या तोंडात बोलायची. मी दोनदा तिच्या मागे गेले आणि दोन्ही वेळा जिन्यावरून परत फिरले. बोलणार काय, कपाळ?

उमेदवारी गेली तरी मत द्यायचा हक्क तिला होताच. मतदानाची रांग हजेरीच्या नंबरानं लावली होती, म्हणजे माझ्या मागे तीच. टेबलावरच्या बाईंनी नोंदवही पुढे केली. रेघ ओढायची माझी हिंमत झाली नाही. नुसतं नाव खरडलं.

बाईंनी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेलं. "जुळत नाही. यात खाली लांब रेघ आहे. पुन्हा कर."

मी पुन्हा केली. या वेळी रेघ ओढली, पण ती वाकडीतिकडी गेली. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि रांगेकडे बघून विचारलं, "हिला कुणी ओळखतं का? ही सही हिचीच आहे ना?"

"तिचीच आहे, मॅडम." पूर्वीचाच खणखणीत आवाज, अख्ख्या खोलीला ऐकू गेला. "मी ओळखते."

बाईंनी मतपत्रिका दिली. आडोशामागे मी ती उघडली. सचिवपदाखाली दोन नावं होती, तिचं नव्हतं. बाहेरून कुणीतरी "आटप लवकर" म्हणेपर्यंत मी शिक्का हातात धरून रडत उभी होते. मग कोऱ्याच कागदाची घडी घालून पेटीत टाकली.

बाहेर आले तेव्हा ती नोंदवहीत माझ्या खालच्या ओळीत सही करत होती. तिनं मान वर केली नाही.