थंडीतही चालणारा कूलर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे आणि मी कोणावर लवकर विश्वास ठेवत नाही. चौदा वर्षे एकाच दाराबाहेर उभे राहिल्यावर तुम्हीही ठेवला नसता.

दुर्ग शहरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रा हलका लागला, म्हणून मी पहिल्या दिवसापासून खडखडतो. एका कुटुंबाने दोन उन्हाळे वापरून मला विकले. आवाजाने झोप येत नाही म्हणाले. नीरजा मॅडमनी मला घेतले ते त्या आवाजासाठीच.

मॅडम मानसशास्त्रज्ञ. फौजेतून परतलेल्या ज्या माणसांच्या मनातून लढाई जात नाही, त्यांच्यावर त्या उपचार करतात. भिलाईतल्या त्यांच्या दवाखान्याचे दार पातळ होते आणि दाराला लागूनच बाक. आतले बोलणे बाहेर जाऊ नये म्हणून मला मध्ये उभे केले. उन्हाळ्यात पाणी घालून, बाकी वर्षभर कोरडाच चालवले.

सुरुवातीला कोणी येईना. मॅडमच नंदिनी नगर, कुम्हारीपर्यंत घरोघरी जाऊन बसत. मग माणसे येऊ लागली, पण शेजाऱ्यांना सांगत, बीपी दाखवायला चाललो.

एका डिसेंबरात भिलाई-3 वस्तीतले नत्थू हवालदार आले. फौजेतून निवृत्त, आता एका गोदामावर गार्ड. झोपेत त्यांनी बायकोचा, दुर्गाबाईंचा, गळा धरला होता. त्याच त्यांना घेऊन आल्या होत्या. हवालदार आत न जाता माझ्यापुढे थांबले.

"थंडीत कूलर कावून लावून ठेवला? याच्यात टेप-बिप तर नाही ना?"

"बाकावर ऐकू जाऊ नये म्हणून," मॅडम म्हणाल्या.

"सारेच असं म्हणतात. मी पागल आहो असं गोदामात समजलं, तर उद्याच नोकरी जाईन माही."

मॅडमनी खणातून स्क्रू काढायचा पेचकस आणून त्यांच्या हातात दिला. "खोलून पाहा."

हवालदारांनी माझ्या तिन्ही जाळ्या काढल्या. मला फार लाज वाटली. आतून कुजलेले गवत आणि एक वाळलेली पाल निघाली.

"हाच तुमचा जासूस दिसते," दुर्गाबाई म्हणाल्या. "विचारा त्याले."

हवालदार हसले नाहीत. पुढच्या खेपेपासून माझे बटण मात्र ते स्वतः दाबू लागले. तरी पाच आठवडे आत बसून ते थंडीबद्दलच बोलले.

सहाव्या आठवड्यात बाकावर एक नवा माणूस येऊन बसला. बूट चकचकीत, हातात एकही कागद नाही. नंबर देणाऱ्या बेबीताईंनी नाव विचारले, तर म्हणाला, "बसतो जरासा." मला तो मुळीच आवडला नाही. दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. तो गोदामाचा सुपरवायझर होता.

"हवालदार अंदर आहे ना? कायचा इलाज चालू आहे?"

"बीपीचा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"बीपीले इतका वेळ?"

नेमके तेव्हाच आत हवालदार पहिल्यांदा बोलू लागले होते. बर्फातली एक चौकी, त्यांचा एक जोडीदार. आणि लाइट गेली.

माझी पाती थांबली. दारामागून अर्धे वाक्य बाहेर आले, मग हुंदका. सुपरवायझरने कान तिकडे वळवला.

"बेबीताई!" दुर्गाबाई ओरडल्याच. "काल वांगे जाळले म्हणे तुमच्या सुनेनं!"

बेबीताई गडबडल्या. त्यांनी दाराकडे पाहिले, मग सुपरवायझरकडे. "जाळले? कोळसा केला, बाई, कोळसा!"

"मायी सून तं चहा जाळते!" बाकावरची सुशीला म्हणाली. तिच्या नवऱ्याचा नंबर पुढचा होता. त्यानेही मोठ्याने खोकायला सुरुवात केली.

"अरे, धीरे बोला ना!" सुपरवायझर वैतागला.

"कावून? तुमाले काही ऐकाचं आहे का?" दुर्गाबाईंनी विचारले.

तो चकचकीत बूट वाजवत उठून गेला. आत हवालदार थांबले नव्हते. त्या दिवशी ते सगळे बोलले. मी ते ऐकले आहे, पण तुम्हाला सांगणार नाही.

हवालदार अजून त्याच गोदामावर गार्ड आहेत. पुढे मॅडमना एका समारंभात शाल मिळाली. त्या दिवशी बेबीताईंनी मलाही ओल्या फडक्याने पुसले. आता जाड दार आले, एसी आला. मी मागच्या अंगणात गंजतो आहे. त्या दारावरही माझा अजून पुरता विश्वास नाही.

मित्रांनो, मला रंग द्या असे मी म्हणत नाही. पण कधी अशा दाराबाहेर बसलात आणि आतून कोणाचा आवाज फुटला, तर कान देऊ नका. शेजारच्याशी बोला, मोठ्याने बोला. कशाबद्दलही चालेल.