लोखंड्याचा बदललेला आवाज

'लोखंड्या २' आला आणि नाशकात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणायचा, पहिल्या भागाची सर नाही. दुसरा म्हणायचा, मराठीत एवढं धाडस कुणी केलंय का, जरा कौतुक करा की. पहिल्या भागात द्राक्षबागेत कोसळलेला तो लोखंडी माणूस या खेपेला चंद्रावर कशासाठी जातो, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. आणि जायच्या घाईत असताना मध्येच लावणी बघत का बसतो, हे तर दिग्दर्शकालाही सांगता आलं नसतं. पण धरणाचं पाणी उडवत यान वर जातं तेव्हा मात्र थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. तेवढ्या एका जागेसाठी बघाच, असं रिक्षावाल्यांपासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत जो तो सांगत होता.

एका बाबतीत दोन्ही तटांचं एकमत होतं. लोखंड्याच्या आवाजाची पार माती झाली होती. इंटरव्हलपर्यंत तो दमेकऱ्यासारखा बोलतो आणि इंटरव्हलनंतर एकदम खणखणीत. का, ते कुणी सांगत नाही. 'एडिटिंग करणारा झोपला होता काय?' असं कुणीतरी फेसबुकवर लिहिलं आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

ती चूक झोपेत झालेली नव्हती. मखमलाबादला दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या हर्षालीनं ती जागेपणी, हट्टानं करायला लावली होती.

लोखंड्याचा आवाज म्हणजे तिचा नवरा, समाधान. मूळचा विंचूरचा. तिथल्या कांद्याच्या बाजारात तो लिलाव पुकारायचा. ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका घेऊन चालायचं आणि बोली पुकारत जायचं. पार शेवटच्या ट्रॉलीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे, असं ते काम. पहिल्या सिनेमाचा दिग्दर्शक जागा शोधत तिकडं फिरत होता. तो बाजार बघायला म्हणून शिरला आणि हा आवाज घेऊनच बाहेर पडला. कागदावर यंत्रमानवाची भाषा अगदी पुस्तकी होती. समाधान म्हणाला, "साहेब, हा आमच्या बागेत पडलाय ना? मग आमच्यावानीच बोलंल की!" झालं. लोखंड्या 'लय भारी' म्हणायला लागला आणि महाराष्ट्रभरची पोरं त्याच्यामागं वेडी झाली.

दुसरा भाग ठरला तेव्हा त्यांची मैना तीन वर्षांची होती आणि समाधानची फुफ्फुसं हळूहळू हात टेकत होती. मुंबईच्या स्टुडिओत जाणं शक्यच नव्हतं. म्हणून आवाज टिपणारा सुनील सगळं सामान घेऊन घरीच यायला लागला. समाधानच्या आईनं, सिंधुबाईंनी, आपल्या हातच्या सगळ्या गोधड्या आतल्या खोलीत भिंतींना ठोकून दिल्या, बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून. पंखा बंद. कुकर बंद. भाजीवाला ओरडत गल्लीत शिरला की सिंधुबाई धावत जाऊन त्याच्याकडून कोथिंबिरीची जुडी घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता पुढल्या गल्लीत जाऊन वरड, बाबा." त्या दिवसांत त्यांच्या घरात कोथिंबीर कधी सरली नाही.

समाधान उशांना टेकून बोलायचा. एका वाक्याला तीनदा थांबायचा. मैना उंबऱ्यात बसायची, तोंडावर बोट ठेवून. बाबाचं काम चालू असलं की हूं की चूं करायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काम संपलं की तो तिला हाक मारायचा, "या, मैनाबाई," आणि ती जाऊन त्याच्या कुशीत बसायची.

"पोरांनो, पुढं व्हा. मी मागनं आलोच." इंटरव्हलच्या आधीचं हे शेवटचं वाक्य. तिथपर्यंत झालं. पुढचं राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर सुनील आला आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला,

"वहिनी, एक माणूस मिळालाय. सेम दादांसारखा आवाज काढतो. पहिल्या पार्टसारखा, ठणठणीत. वरचे लोक म्हणतायत, सगळंच त्याच्याकडून करून घेऊ."

"आणि ह्यांनी केलंय ते?"

"त्यात श्वास फार ऐकू येतो हो, वहिनी. लोक हसतील."

"हसू देत."

"वहिनी, पिक्चरचं नुकसान..."

"सुनीलभाऊ, एक शब्द काढायचा नाही त्यातला. पहिल्या पिक्चरमधला आवाज मैनाच्या जन्माआधीचा आहे. तिला 'मैनाबाई' म्हणणारा आवाज हा आहे. तो तुम्ही पुसून टाकणार?"

दिग्दर्शकाला दया आली की या घरी जेवलेल्या भाकरीची आठवण झाली, कोण जाणे. तो हो म्हणाला. आणि सिनेमा तसाच, अर्धा ह्याचा अर्धा त्याचा, पडद्यावर गेला.

हट्ट करताना हर्षालीनं सगळा विचार केला होता, फक्त एका गोष्टीचा सोडून. समाधान गेला त्या दिवशी मैनाला मावशीकडे ठेवलं होतं. परत आल्यावर तिनं पहिल्यांदा आतली खोली बघितली, मग बाथरूम बघितलं, आणि विचारलं, "बाबा कुठंय?" सिंधुबाईंच्या तोंडून निघून गेलं, "बरा व्हाया गेलाय, माय." त्या क्षणी हर्षालीनं सासूला टोकलं नाही. उद्या सांगू म्हणाली. मग म्हणाली, बालवाडीत रुळली की सांगू. मैना मोबाइलवर पहिला 'लोखंड्या' लावून बसायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "हा बाबा बरा असतानाचा." एवढ्याशा जिवानं आपलं आपण गणित मांडलं होतं. तो आवाज म्हणजे बरा. घरातला आवाज म्हणजे आजारी.

सिनेमा लागला तेव्हा वर्षश्राद्ध व्हायचं होतं. घरात दिवाळीला कढई चढली नव्हती. शेजारणींनी आणून दिलेला फराळ तेवढा मैनाच्या तोंडी लागला होता. वर्षाच्या आत सिनेमाला जायचं म्हणजे भावकीला आयता विषय. हर्षाली दबकत म्हणाली, "आई, मी मैनाला घेऊन जाऊन येऊ का?"

सिंधुबाईंनी ट्रंकेतलं धुतलेलं लुगडं काढलं. "म्या बी येते."

"आई, लोक बोलतील."

"सिनेमा बघाया कोन चाललंय? म्या माझ्या लेकाचं बोलणं ऐकाया चालले. भावकीला म्हणावं, कानात बोळे घाला."

इंटरव्हल झाला की उठायचं, हे हर्षालीनं घरूनच ठरवलं होतं. आपल्या माणसाचं बोलणं संपलं की आपलं काम संपलं. सुट्टीची दुपार होती, कॉलेज रोडचं थिएटर भरलेलं. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, आधीच सगळे रिव्ह्यू वाचून आलेली.

अंधार झाला. चंद्र, धूर, निळा उजेड. मग लोखंड्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "कोन... हाय रं... तिकडं?"

दोन शब्दांच्या मधला तो श्वास हर्षालीनं ओळखला. सकाळी उठून बसताना घ्यायचा, तोच.

"बॅटरी लो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी रांग हसली.

मैनानं चटकन तोंडावर बोट ठेवलं होतं. हसणं ऐकून ती सीटवर गुडघे टेकून उलटी वळली आणि त्या पोरांना म्हणाली, "श्श! माझ्या बाबाचं काम चालूए."

पोरांना काही कळलं नाही, पण लहान मुलीनं दटावलं म्हणून ती जरा वेळ गप्प बसली. पुन्हा एकदा कुणीतरी "चार्जर दे रे त्याला" म्हणालं. पुढं डाव्या बाजूला एक बाई डोळे पुसत होती. हर्षालीला पडद्यावरचं काहीच दिसत नव्हतं. गोधड्यांची खोली दिसत होती, आणि उशांना टेकलेला तो. हे वाक्य त्या दिवशीचं, दुपारी ताप होता तेव्हाचं. हे वाक्य बोलून तो हसला होता. हे पुन्हा पुन्हा करावं लागलं होतं.

"पोरांनो... पुढं व्हा. मी... मागनं आलोच."

दिवे लागले. सिंधुबाई बसल्या जागी मागं वळल्या.

"का रं, दादा? तुला कधी खोकला नाय झाला?"

"सॉरी आजी," तो पोरगा ओशाळला. "तुम्हाला नाही, त्या रोबोटला म्हणालो."

"रोबोटला आई नसती व्हय?"

मित्र खिदळले. पोरगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, टेन्शन नका घेऊ. सेकंड हाफला आवाज एकदम भारी होतो म्हणतात."

पॉपकॉर्नच्या रांगेत ती डोळे पुसणारी बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, सगळे नावं ठेवतायत, पण मला तर आवडला बाई. असं वाटतं, त्या डब्याच्या आत खरंच कुणीतरी दमलंय." हर्षालीला वाटलं, जाऊन तिचा हात धरावा. ती गेली नाही. जाऊन काय सांगणार होती?

"चल मैना, घरी जाऊ."

"का? संपलं नाही. बाबा म्हणाला ना, मागनं येतो."

"उशीर होतोय, सोन्या."

"मला बाबाचं ऐकायचंय!" मैनानं खुर्चीचा हात दोन्ही हातांनी धरला. ओढून नेलं असतं तर रडून थिएटर डोक्यावर घेतलं असतं. हर्षालीनं सासूकडे पाहिलं. सिंधुबाई म्हणाल्या, "बसू दे गं घडीभर." तिघीही बसून राहिल्या.

अंधार झाला आणि खणखणीत हाक आली, "ए पोरांनो! लय झोपलो राव!"

थिएटरात टाळ्या पडल्या. मागची पोरं "आला रे आला!" ओरडली. आणि मैना सीटवर ताडकन उभी राहिली.

"आई! बाबा बरा झाला!"

सिंधुबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आजी, ऐक ना! बरा झाला बाबा!"

मग तासभर मैना नुसती हसत होती. लोखंड्या पडला की हसायची, उठला की टाळ्या पिटायची. बाप गेल्यापासून ती असं हसली नव्हती. तो दुसरा माणूस होताही तयारीचा. एकदा त्यानं 'लय' म्हणताना असा काही हेल काढला की हर्षालीनंही चटकन मान वर करून पडद्याकडे पाहिलं, आणि क्षणभर का होईना आपण फसलो म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. हात धरून बाहेर काढावं, आत्ताच सांगावं, असं तिला दहादा वाटलं. पण लेकीचं ते हसणं तिच्याच्यानं मोडवेना. सिनेमा संपेपर्यंत असू दे, म्हणाली. पुन्हा एकदा 'उद्या'च म्हणाली ती.

सिनेमा संपला. लोक बोलत बोलत बाहेर निघाले.

"सेकंड हाफनं वाचवलं राव."

"कसलं वाचवलं? चंद्रावर वारा कुठून आला, सांग."

"पोरांना आवडला ना, मग झालं."

मैना दाराच्या कडेला जाऊन उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे मान वर करून बघायची आणि पुढच्याकडे वळायची. हर्षालीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती घाईनं तिच्यापाशी गेली.

"मैना, चल."

"थांब ना. बाबा येईल आता."

दार रिकामं झालं. आत झाडूवाल्या बायका शिरल्या. मैना वाकून त्यांच्या मागं आत बघत होती.

"हर्षू, म्या सांगते," सिंधुबाई म्हणाल्या. "माझ्याच तोंडानं झालंय हे." त्या पुढं झाल्या, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या. पुढचं त्यांना जमलं नाही.

हर्षाली गुडघ्यांवर बसली. देवाघरी गेला, चांदणी झाला, असं काय काय लोक सांगतात, ते सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिथूनही माणूस परत कधी येणार, हे मैनानं विचारलंच असतं.

"मैना, बाबा येणार नाही. बाबा बरा झाला नाही, राजा. तो वारला. मरून गेला बाबा."

"नाही. बरा झाला. मी ऐकलं."

"ते दुसरे काका होते. बाबासारखं बोलत होते."

"मग बाबा?"

"आधीचा होता तो बाबा. हळू बोलत होता ना, तो."

कपाळाला आठी घालून मैनानं खूप विचार केला. मग म्हणाली, "त्या काकांना सांग ना थांबायला. बाबाचं बोलून झालं नव्हतं."

हर्षालीनं तिला पोटाशी धरलं. "झालं होतं, सोन्या. तेवढंच होतं."

मग मैनाला कळलं. किती कळलं कोण जाणे, पण ती रडायला लागली, आवाज न करता, घरात शिकवल्यासारखी. हर्षाली तिला उचलून, दुसऱ्या हातानं सासूला धरून जिन्याकडे निघाली. पुढच्या खेळाची गर्दी वर येत होती. छोट्या मुलाचं बोट धरलेला एक माणूस तिच्यापाशी थांबला. रडणारं पोर बघून त्याला वाटलं असेल, पोरगी घाबरली.

"ताई, बघितला का? लोक काहीबाही बोलतायत. कसा आहे हो?"

हर्षालीनं मैनाला खांद्यावर जरा वर सरकवलं.

"इंटरव्हलपर्यंत चांगला आहे," ती म्हणाली.