पुरुष वर आलाय

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या मुलींच्या कॉलेजात वसतिगृहाची एक जुनी रीत होती. प्लंबर असो की कुणाचे वडील, जिन्यावर पुरुष दिसला की जिला आधी दिसेल तिने ओरडायचं, "पुरुष वर आलाय!" टॉवेलातल्या मुली मग धडाधड दारं लावून घेत. तीन वर्षं सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा तो सायलसच. तेव्हा तो सगळ्यांसाठी मुलगीच होता; त्याचं नाव निराळं होतं, आवाजही.

चौथ्या वर्षी तो सुट्टीवरून आला तो दाढीचे खुंट घेऊनच. पुरुषी हार्मोनच्या औषधांनी आवाज फुटला होता. ओहायोतल्या आईने 'या घरात पाऊल टाकू नकोस' म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे घर म्हणावं असा हा वरचा मजलाच काय तो उरला होता. कपड्यांची टोपली घेऊन तो जिना चढला आणि ब्रीआ नावाची नवी पोरगी ओरडली, "पुरुष वर आलाय!"

सायलसला क्षणभर इतका आनंद झाला की टोपली हातातून पडायचीच बाकी होती. मग दारं लागली. त्यात नादेजचंही लागलं, तीन वर्षांच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं.

संध्याकाळी नादेजनेच सगळ्यांना एकत्र बसवलं. "सवयीने लागलं रे दार. चुकलंच माझं. आजपासून तुझ्यासाठी कुणी ओरडणार नाही. तू आपल्यातलाच."

"आणि प्लंबर आला तर?" सायलसने विचारलं.

"त्याच्यासाठी ओरडू की. तो पुरुष आहे."

नादेजने जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. इतक्या मायेनेही माणसाला नाकारता येतं, हे सायलसला नवीन होतं. इथे राहायचं तर पुरुष नसल्यासारखं राहायचं, नाहीतर खाली जायचं.

शनिवारी त्याने तळमजल्यावरची, भेटीला येणाऱ्या वडिलांसाठी ठेवलेली खोली मागून घेतली. नादेज त्याच्या वरच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"तुला काढलंय का कुणी? उगाच डोक्यात राख घालून जाऊ नकोस."

"रागाने नाही जात गं."

तिने रडत रडत एक खोकं उचललं.

शेवटचं खोकं ब्रीआने आणलं. "माझ्यामुळेच ना? मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

"बरं झालं नाही सांगितलं," सायलस म्हणाला. "या घरात न सांगता मला ओळखणारी तू एकटीच निघालीस."

मग त्याला रडू आवरेना. ब्रीआ खोकं धरून उंबऱ्याबाहेरच उभी होती. पुरुषाच्या खोलीत जावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.