डावी बाजू तेलाची

सलूनवाले काका रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, गळ्याभोवती कापड गुंडाळायचे आणि फोनवर वाचलेलं ताजं संशोधन ऐकवायचे. सोमवारी कॉफीने आयुष्य वाढायचं, गुरुवारी त्याच कॉफीने घटायचं. गिऱ्हाईक हरकत घेत नसे, कारण गळ्याशी वस्तरा असायचा. "खरंय काका," एवढंच ओठांच्या कडेने यायचं. तीस वर्षांत कुणी वाद घातला नव्हता, त्यामुळे आपल्याला विज्ञान चांगलं कळतं अशी काकांची पक्की समजूत झाली होती.

ती लेकीने मोडली. लेक दूरच्या शहरात उंदरांवर संशोधन करायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. "काय म्हणतायत तुझे उंदीर?" असं काकांनी विचारावं आणि तिने म्हणावं, "बाबा, ते तुम्हाला नाही कळायचं. आईला द्या ना फोन." मग मायलेकींचं तासभर चालायचं, आणि काका दारात उभे राहून एका बाजूचं बोलणं ऐकत राहायचे. त्यांना फार वाईट वाटायचं. बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच.

म्हणून त्यांनी गुपचूप इंटरनेटवरच्या एका फुकट अभ्यासक्रमाला नाव घातलं. ‘संशोधन कसं वाचावं, कसं करावं.’ दुपारी सलून रिकामं झालं की काका स्वतःच खुर्चीत बसून धडे ऐकायचे. न कळलेला भाग मागे नेऊन चार-चार वेळा ऐकता यायचा. शाळेतल्या मास्तरांना ही सोय नव्हती, नाहीतर आपण सातवीत लटकलो नसतो, असं त्यांना मनापासून वाटलं. महिनाभरात त्यांना उमगलं की किती जणांवर करून बघितलं आणि कशाशी ताडून बघितलं, हे विचारल्याशिवाय कुठल्याच बातमीला मान डोलवायची नसते. गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. गार पाणी प्यायल्याने सर्दी झाली, एवढं कुणी म्हणायची खोटी, काका वस्तरा थांबवून विचारायचे, "न पिणाऱ्यांपैकी किती जणांना झाली?"

शेवटी एक प्रकल्प होता. बारा आठवड्यांचा छोटा प्रयोग करायचा आणि नोंदी पाठवायच्या. मग प्रमाणपत्र. ते लेकीच्या पुढ्यात धरून काका म्हणणार होते, "हं, आता सांग उंदरांचं."

प्रयोगाला डोकं घरातलंच मिळालं. काकांच्या मेहुण्याचे केस विरळ होत चालले होते आणि त्याने कुठूनतरी ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेली तेलाची बाटली आणली होती. काकांनी त्याचं डोकं मशिनने एकसारखं बारीक केलं. डाव्या बाजूला रोज तेल, उजव्या बाजूला नुसतं पाणी. दर गुरुवारी पट्टीने लांबी मोजायची आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या तिकिटाएवढ्या खिडकीतून केस मोजायचे. केस मोजताना मेहुणा हमखास झोपायचा. अकराव्या आठवड्यापर्यंत डावं डोकं चपचपीत आणि उजवं साळिंदरासारखं उभं, असा त्याचा अवतार झाला. ऑफिसात तो टोपी घालून बसू लागला. पण वही भरली होती आणि दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे होते.

बाराव्या गुरुवारी सलूनमध्ये गर्दी होती. मेहुणा खुर्चीत बसला आणि लगेच घोरू लागला. काकांनी सवयीने कापड गुंडाळलं. बाकावरच्या एकाने झोपेबद्दलचं काहीतरी नवं संशोधन काढलं, काकांनी "किती जणांवर?" विचारलं, आणि चांगला वीस मिनिटं वाद रंगला. वाद संपला तेव्हा काकांनी मेहुण्याच्या मानेमागे छोटा आरसा धरला आणि विचारलं, "ठीक आहे ना?"

मेहुण्याने डोळे उघडले. आरशात दोन्ही बाजू अगदी सारख्या, नीट कापलेल्या होत्या. काकांच्या हातात कात्री होती. माप अजून घ्यायचं होतं.

"भावजी," मेहुणा म्हणाला, "छान झालेत."

काका मटकन बाकावर बसले. तीन महिने पाण्यात गेले होते, तेही स्वतःच्या हाताने.

"त्यात काय एवढं?" मेहुण्याने समजूत घातली. "अकराव्याचे आकडे थोडे वाढवून लिहा. माझं डोकं बघायला कोण येतंय?"

काकांनी पेन उचललंसुद्धा. मग ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

"आज गुरुवार," ती घाबरून म्हणाली. "आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. माझा प्रयोग गेला."

अभ्यासक्रम, तेल, मेहुणा, पुठ्ठा, कात्री, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. ती हसणार, असं धरून काका थांबले.

"उजव्या बाजूला पाणी लावायचं तुम्हाला कसं सुचलं?" तिने विचारलं.

"नाहीतर तेलाचा गुण की नुसत्या चोळण्याचा, ते कसं कळणार?"

"बाबा, जे झालं तेच लिहा. आकडा बनवू नका."

काकांनी लिहिलं, ‘बाराव्या आठवड्याचं माप नाही. मी दोन्ही बाजू सारख्या केल्या. हाताला तीस वर्षांची सवय आहे.’ त्याचे गुण कापले गेले, पण काका पास झाले.

त्या रविवारी फोन वाजला तसा काकूंनी नेहमीप्रमाणे उचलला आणि जरा बुचकळ्यात पडून नवऱ्यापुढे धरला. "तुम्हाला मागतेय."

"बाबा, माझा शोधनिबंध वाचून दाखवते," लेक म्हणाली. "कुठे पटलं नाही तर अडवा."

काका खुर्चीत सावरून बसले. काकू दारात उभ्या राहून एका बाजूचं बोलणं ऐकू लागल्या.

"थांब," काका दुसऱ्याच वाक्याला म्हणाले. "किती जणांवर?"

"नऊ उंदीर." तिचा आवाज पडला. "कमी आहेत, माहितीये मला."

"नाही गं, पुष्कळ झाले," काका म्हणाले. "माझ्याकडे एकच मेहुणा होता."