वर्षभराचा दुखवटा

"निनांग, हे म्हणतायत इथं सही करा आणि संध्याकाळच्या विमानानं परत जा. करू का सही?"

फेलीचा आवाज फोनवर इतका बारीक येत होता की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर मी सकाळपासून बाहेरच्या कठड्याला टेकून उभी होते. मनिलाच्या विमानातली माणसं खोकी ढकलत, नातवंडांना कुरवाळत कधीच निघून गेली होती. आमची फेली तेवढी बाहेर आली नव्हती.

"कुठं आहेस तू?"

"आत. एका खोलीत बसवलंय. ग्रीन कार्ड काढून घेतलं माझं. साहेब तसे चांगले आहेत हो, पाणी दिलं, हा फोनही त्यांनीच दिला. म्हणतात, वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलात म्हणजे तुम्ही अमेरिका सोडली. मी सांगितलं, माझ्या नवऱ्यानं परवानगी काढून ठेवलीय. तर म्हणे अशी कसली परवानगी आमच्याकडे दिसत नाही. रोडेल फोन उचलत नाही, निनांग. तुम्ही विचारता का त्याला?"

"विचारते. तोवर कशावर सही करायची नाही. कळलं?"

"साहेब थांबलेत पण..."

"थांबू दे की. थांबायचाच पगार मिळतो त्याला."

मी फेलीची आई नव्हे की मावशी नव्हे. अकरा वर्षांपूर्वी वलेहोच्या चर्चमध्ये तिचं आणि रोडेलचं लग्न लागलं, तेव्हा मी धर्मआई म्हणून शेजारी उभी होते. तीच निनांग. फोटोपुरत्या निनांग पुष्कळ असतात. पण नवरा-बायकोचं बिनसलं तर दोघांनी आधी तिच्या दारात यायचं, असा आम्हा फिलिपिनो लोकांचा रिवाज आहे. ही दोघं कधी आली नाहीत. मी आपली चारचौघीत मिरवायची, माझ्या या जोडप्याला कुणाची दृष्ट लागली नाही म्हणून.

रोडेल गोदीत वेल्डर. नागरिक होऊन त्याला पंधरा वर्षं झालेली. त्यानं गावाकडून, ला युनियनहून, फेलीला आणली, लग्न केलं, कार्ड मिळवून दिलं. फेली वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची. हाताला किळस नाही आणि जिभेला धार नाही अशी ती बाई. तिथल्या म्हाताऱ्या स्वतःच्या लेकींची नावं विसरल्या, पण फेली सुट्टीवर असली की जेवायच्या नाहीत.

गेल्या साली रोडेलची आई अंथरुणाला खिळली. रोडेलला रजा नव्हती, म्हणून फेली गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली. तिसऱ्या आठवड्यातच म्हातारी गेली. मग मात्र रोडेल विमानानं पोचला. शवपेटीवर पडून रडला म्हणे, असा की सगळा गाव हळहळला. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या आणि निघताना बायकोला म्हणाला, "तू थांब. आईच्या घराला कुलूप लावायचं नाही. चर्चमध्ये वर्षाची प्रार्थना, मास, सांग, सुनेच्या हातानं काळं उतरव आणि मग ये. कार्डाचं मी बघतो."

आमच्यात वर्षभर काळे कपडे घालतात आणि वर्षाच्या दिवशी उतरवतात. सुनेनं ते करावं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मी फोनवर कुरकुरले होते. "अगं, वर्षभर बाहेर? कार्डाचं काय?" तर फेली म्हणाली, "रोडेलनं परवानगी काढलीय, निनांग. आणि नानायचा, सासूबाईंचा, आत्मा दारात ताटकळत ठेवून कशी येऊ?"

मी रोडेलला फोन लावला. बायकोचा फोन न उचलणाऱ्यानं माझा पहिल्या घंटीला उचलला.

"आली का हो ती बाहेर?"

"कशाची येते! आत अडकवलंय तिला. तू काढलेली परवानगी सापडत नाही म्हणतात."

तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "निनांग, तिला सांगा, सही करून मोकळी हो. जज्जबिज्जच्या भानगडीत पडू नको म्हणावं. तिकडं आईचं घर आहे. सुखात राहील."

मी कठड्यावरून हात काढला. "रोडेल, मी तुझ्यापाशी सहीचं नाव तरी काढलं का रे?"

पलीकडं त्यानं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं.

"तुला काय माहीत, तिच्यापुढं कसला कागद ठेवलाय ते?"

"वकिलाला विचारलं होतं."

"कधी?"

"आई आजारी पडली तेव्हाच."

"आणि परवानगी?"

"ती मागताना माणूस इथंच असावा लागतो. नव्हती मागितली." मग एकदम त्याला कंठ फुटला. "तुम्हाला माहीत नाही, निनांग, आमचं कधीचं जमत नव्हतं. घटस्फोट म्हटलं असतं तर तिनं रडून सगळं चर्च गोळा केलं असतं. तुम्हीच पहिल्या आला असता मला चार शब्द सुनवायला. हे असं कुणाला न दुखवता झालं असतं."

"कुणाला न दुखवता! मेल्या, आईच्या दुखवट्याचा पिंजरा केलास तू?"

"मी फक्त थांब म्हणालो. काळं काय तिनं तसंही पाळलंच असतं."

हे मात्र खरं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस दुसऱ्याच्या चांगुलपणाची सवय करून घेतो आणि मग त्याच चांगुलपणाला गळ लावतो. माझ्या तोंडात फार वाईट शिव्या आल्या. त्यातल्या दोन मी दिल्या आणि फोन ठेवला. आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघायला लागली होती. बघेनात का.

थोड्या वेळानं फेलीचाच फोन आला.

"सापडली का हो परवानगी?"

"पोरी, त्यानं ती काढलीच नव्हती."

"विसरला असेल. आईच्या दुःखात त्याचं डोकं..."

"विसरला नाही. ठरवून केलंय. सही कर आणि परत जा, असा निरोप दिलाय तुला."

मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"फेली?"

"शेवटी शेवटी नानायला दिसत नव्हतं," ती म्हणाली. "माझा हात धरायची आणि रोडेल, रोडेल करायची. मी आवाज जाड करून म्हणायचे, हो नानाय, आलोय मी. तेवढ्यावर झोपायची बिचारी." मग तिनं विचारलं, "सही नाही केली तर काय करतात?"

"जज्जपुढं उभं करतात. तू हा देश सोडलास की नाही हे जज्ज ठरवतो, तो साहेब नाही. तोवर तुझा हक्क जात नाही." एका रविवारी मासनंतर कुणी वकीलबाई हॉलमध्ये येऊन हे ओरडून ओरडून सांगून गेली होती. मी तेव्हा शेवया वाढत होते. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी शेवयांकडंच लक्ष दिलं होतं.

"आणि जज्ज नाही म्हणाला तर?"

"तर जाशील परत. पण स्वतःच्या हातानं लिहून देऊन नाही."

तिथला साहेब आमच्याकडचाच असावा. फोनमध्ये त्याचा आवाज आला, आमच्याच बोलीत. "ताई, ठरवा लवकर. सही केलीत तर सोपं जाईल, पुढं पर्यटक म्हणून तरी येता येईल."

"पर्यटक?" फेली म्हणाली. अकरा वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "माझी चटणी-मिठाची बरणी आहे इथं, साहेब. मी सही करणार नाही. मी घर सोडलं नव्हतं. मला सासूसाठी थांबवलं होतं."

ती बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. एक बॅग, दोरीनं बांधलेलं एक खोकं आणि हातात सुनावणीचा कागद. वाळली होती फार. मी मिठी मारायला गेले तर तिनं आधी वाकून माझा हात कपाळाला लावला, आणि मग गाडीत बसली. रडली नाही. मीच मूर्खासारखी रुमाल शोधत होते.

"वलेहोला घ्या," ती म्हणाली.

"कशाला त्या मेल्याच्या दारात?"

"त्याची वस्तू आहे माझ्याकडे."

दारापाशी पायपुसण्याशेजारी चपला काढलेल्या होत्या. रोडेलच्या, आणि त्यांना लागून बाईच्या, लाल पट्ट्यांच्या. फेलीनं त्या बघितल्या. घंटी वाजवली. एवढी वर्षं ज्या घरात राहिली त्याची घंटी वाजवून, दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

रोडेलनं दार अर्धंच उघडलं.

फेलीनं रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि आतली अंगठी त्याच्यापुढं धरली. "नानायनं बोटातून काढून दिली. रोडेलच्या हातात दे म्हणाली. टपालानं कशी पाठवणार?"

त्यानं अंगठी घेतली. मूठ मिटली. वर बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.

"जज्ज विचारेल, एवढे दिवस का राहिलीस म्हणून," फेली म्हणाली. "तू येऊन सांगशील का?"

"मी... मी काय सांगणार त्यात?"

तिनं मान हलवली. "बरं. मीच सांगते."

मला पाच मिनिटं दिली असती तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण फेली गाडीकडं चालायला लागली, म्हणून मलाही जावं लागलं. मागे दार लागल्याचा आवाज आला, अगदी हळू.

"निनांग," पट्टा लावताना ती म्हणाली, "त्यांनी पत्ता विचारला होता, सुनावणीचं कुठं कळवायचं म्हणून. तुमचा दिला. तुम्हाला न विचारता."

"मग कुणाचा देणार होतीस?" मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

माझं घर पुलापलीकडं. पुलावर गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. फेली खिडकीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना म्हणतेय. मी रेडिओ बंद केला. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश लावून, म्हणत होती.

"जज्जसाहेब, माझी सासू वारली. नवरा म्हणाला, थांब. मी थांबले."

मग तिनं ओठ पुसले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.